सिकलसेल: पतीचीही तपासणी हवी

नंदुरबार जिल्ह्यातील सिकलसेल तपासणी पत्नीच्या कार्डावर थांबता कामा नये, पतीचे रक्तही गर्भधारणेपूर्वीच तपासले गेले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, एक रुग्ण व दुसरा वाहक असल्यास ५० टक्के असते. परंतु जोडीदाराच्या रक्तात असा कोणताही दोष नसेल, तर रुग्ण स्त्रीची अपत्येही केवळ वाहकच होतात, आणि हा दिलासा तिला वेळेवर मिळणे हा तिचा हक्क आहे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील गरोदर स्त्री आरोग्य केंद्रात नाव नोंदवते, त्या वेळी तिचा पती बहुधा गुजरातेत ऊसतोडीवर असतो. तो परतेपर्यंत गर्भजलाच्या वा वारेच्या तपासणीची मुदत टळते, आणि निर्णयाचा अधिकार असूनही त्या दांपत्याच्या हाती निर्णय उरत नाही. सिकलसेलवरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्या रुग्णाने, मग तो पुरुष असो वा स्त्री, अपत्याचा विचार करण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावयाचा असतो, हेही तेव्हा फार उशिरा कळते.

२०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचा संकल्प शासनाने केला आहे. तो खरा असेल, तर मजूर होळीला गावी परततात तेव्हा भोंगऱ्या बाजारांत दांपत्यांची तपासणी, अहवालाची पूर्ण गुप्तता आणि पावरी-भिलीतून समुपदेशन यांचा बंदोबस्त जिल्हा प्रशासनाने येत्या होळीपूर्वीच करावा.