सरकारी कंत्राट आणि एमबीए : पदवी घ्यावी, पण कशासाठी?



आज जरा वेगळा विषय घेतोय. आपल्या शाळेतून गेलेली मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला आली की पालक विचारतात, "गुरुजी, पुढं काय? एमबीए करू द्यावं का?" त्यातलाच एक प्रश्न हल्ली जास्त ऐकू येतो : सरकारी कामं घेणाऱ्या कंपनीत नोकरी करायची किंवा स्वतः कामं घ्यायची, तर व्यवस्थापनाचं शिक्षण उपयोगी पडतं का?

माझं उत्तर आहे : पडतं. पण अट अशी की काय शिकायचं ते आधी ठरलेलं पाहिजे.

'ठेकेदार' म्हटलं की आपल्या मनात एकच चित्र येतं. ओळख, वशिला, टक्केवारी. हे सगळं कुठंच नाही असं मी म्हणणार नाही. पण कामाची पद्धत खूप बदलली आहे. राज्याच्या निविदा आता महाटेंडर्सवर ऑनलाइन भरतात. केंद्र सरकारने 2016 मध्ये जेम हे खरेदीचं पोर्टल सुरू केलं. निविदा भरायची तर डिजिटल सही लागते, बयाणा रक्कम लागते. बऱ्याच निविदा दोन लिफाफा पद्धतीच्या असतात. पहिल्या लिफाफ्यात नोंदणी, जीएसटी, उलाढाल, पूर्वीच्या कामाचे दाखले. त्यात पात्र ठरलात तरच दराचा दुसरा लिफाफा उघडतात. एखादा महत्त्वाचा कागद राहिला तर तिथंच बाद होण्याची वेळ येते! म्हणजे इथं शांतपणे वाचणारा आणि अचूक लिहिणारा माणूस लागतो.

आता हिशोबाचं बघा. समजा एका कामाचं अंदाजपत्रक 40 लाखांचं आहे. एकाने 25 टक्के 'बिलो' भरलं. काम मिळालं 30 लाखांत. पण सिमेंट, सळई, मजुरी, वाहतूक धरून खर्चच 32 लाख येत असेल तर? उरलेले 2 लाख कुठून येणार? एकतर खिशातून, नाहीतर भिंतीतून. हे गणित शाळेतल्या शेकडेवारीचंच आहे. पण ते निविदा भरण्याच्या आधी मांडायला आणि "एवढ्यात हे काम होत नाही" असं साहेबांना सांगायला अभ्यास आणि धीर दोन्ही लागतं.

काम मिळालं की खरी परीक्षा सुरू होते. मोजमाप पुस्तक, बिलं, मुदतवाढ, दंडाची अट, दोषदायित्व कालावधी. बिल अडकलं तरी मजुरांचा पगार थांबवता येत नाही. वाद झाला तर 1872 चा भारतीय करार कायदा आणि 1996 चा लवाद कायदा माहीत असावा लागतो. हे शिकवणारा अभ्यासक्रम असेल तर तो कामाचा. पुण्यात निकमार ही संस्था 1983 पासून बांधकाम व्यवस्थापनाच्या क्षेत्रात आहे. अशा ठिकाणी कंत्राट, खर्चाचा अंदाज, प्रकल्पाचं वेळापत्रक हे मुख्य विषय असतात. उलट साध्या एमबीएत मार्केटिंग आणि एचआर घेतलेल्या मुलाला निविदेची ओळखसुद्धा नसू शकते. म्हणून पालकांना माझा आग्रह आहे, कॉलेजची इमारत बघू नका, विषयांची यादी मागून घ्या.

दुसरी गोष्ट पैशाची. स्वतः छोटी कामं किंवा पुरवठा सुरू करण्यासाठी एमबीए लागतच नाही. केंद्राच्या धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्यांनी वार्षिक खरेदीतली किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिला उद्योजकांसाठी आहे. गावातल्या किती जणांना हे माहीत आहे? कर्ज काढून पदवी घेण्याआधी मुलाने दोन वर्षं एखाद्या कंत्राटी फर्ममध्ये कागदपत्रांचं काम करावं, साइटवर उभं राहावं. त्यानंतर एमबीएला गेला तर वर्गात काय विचारायचं ते त्याला कळेल.

कुणी म्हणेल, प्राथमिक शिक्षकाला याच्याशी काय करायचंय? फार जवळचा संबंध आहे. आपली वर्गखोली, स्वच्छतागृह, पोषण आहाराचा तांदूळ, सगळं कुठल्या ना कुठल्या करारातूनच येतं. 2024-25 चा गणवेश आठवा. कापड राज्य पातळीवर खरेदी झालं, शिलाई बचत गटांकडे गेली. अनेक शाळांत गणवेश उशिरा आले, मापं चुकल्याच्या तक्रारी झाल्या. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. शिवणाऱ्या बायकांच्या हाताला दोष देऊन भागणार नाही. मापं कधी घ्यायची, कापड कधी पोचायचं, उशीर झाला तर जबाबदार कोण, हे आधी पक्कं करणं म्हणजेच व्यवस्थापन. ते जमलं नाही की पोरगं पंधरा ऑगस्टला जुन्याच शर्टात उभं राहतं.

म्हणून या क्षेत्रात शिकलेली, नियम जाणणारी मुलं जायलाच हवीत. कंत्राटदाराच्या टेबलावरही आणि सरकारी टेबलावरही. चांगली मुलं "ते क्षेत्र वाईट" म्हणून लांब राहिली तर ते सुधारणार कोण?

आणि तयारी आपल्याच वर्गात सुरू होते. शेकडेवारी शिकवताना एकदा 'बिलो'चं उदाहरण द्या. सूचनाफलकावरची एखादी सूचना मुलांना वाचायला देऊन विचारा, "यात अटी किती आहेत?" सहलीचा खर्च मुलांकडूनच लिहून घ्या, पावत्या जोडायला लावा. पदवी पुढं कुठलीही मिळो, पावती जपून ठेवायची सवय मात्र याच वयात लागते.