चाकांवरच्या घराची डागडुजी

प्रवासाला निघताना घर बरोबर नेण्याची रीत मराठवाड्याला नवी नाही. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला जाणारी कुटुंबे बैलगाडीवर तट्ट्या बांधून, आत कडबा व गोधड्या अंथरून, पीठमीठ व भांडीकुंडी घेऊन निघत आणि यात्रेचे चार-आठ दिवस त्या गाडीच्या आडोशाने काढीत. गाडी निघण्यापूर्वी तिची तपासणी होई. चाकाची धाव सैल झाली असेल तर लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करी, प्रसरण पावलेली धाव लाकडी चाकावर बसवी आणि पाणी ओतून आवळून घेई. आसाला एरंडेलाचे वंगण मात्र गाडीवान स्वतः घाली. कोणते काम कारागिराचे व कोणते घरच्या माणसाचे, याची समज त्या काळी प्रत्येक घरात होती.

आज बैलगाडीची जागा ट्रॉलीने, टेम्पोने व टेम्पो ट्रॅव्हलरने घेतली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या वाहनांची चर्चा तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. मुखेडसारख्या ठिकाणाहून कुंथलगिरी, कचनेर, जिंतूर किंवा मांगीतुंगी येथे वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना अशा वाहनाची उपयुक्तता वेगळी सांगावयास नको. शुद्ध भोजनाचा नियम असणाऱ्यांना तर वाटेतील खानावळीपेक्षा स्वतःची शेगडी केव्हाही सोयीची. तथापि चाकांवरचे घर स्थिर घरापेक्षा लवकर झिजते. ते रोज हादरे खाते, उन्हात तापते आणि पावसात भिजते. त्याची निगा न राखल्यास प्रश्न गैरसोयीपुरता उरत नाही, माणसांच्या जिवापर्यंत जातो.

पाश्चात्त्य देशांतही या वाहनाचा इतिहास घरगुती हातांशी जोडलेला आहे. इंग्लंडमधील डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढावयाची गाडी केवळ सहलीसाठी बांधून घेतली. तेथील हौशी कॅराव्हॅनची सुरुवात त्या गाडीपासून मानली जाते. अमेरिकेत वॉली बायम यांनी घराच्या अंगणात ट्रेलर कसा बांधावा याचे आराखडे लोकांना विकले आणि १९३१ मध्ये ‘एअरस्ट्रीम’ ही कंपनी स्थापन केली. मंदीच्या त्या काळात अनेकांनी स्वतःचे फिरते घर स्वतःच उभे केले. आपल्याकडे गाडीमागे ओढावयाचा निवासी ट्रेलर क्वचितच दिसतो. एकाच चासीवर बांधलेले वाहन अधिक आढळते. परंतु देखभालीची तत्त्वे दोहोंना सारखीच लागू पडतात.

पहिला प्रश्न कायद्याचा

हातोडी उचलण्यापूर्वी नोंदणीचे पुस्तक उघडावे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश होतो. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास मनास येईल तसा करता येत नाही. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मान्य होणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केले आहे. छत उंच करणे, सांगाडा लांबविणे, आसनांची संख्या बदलणे किंवा इंधनाचा प्रकार बदलणे ही कामे वेल्डिंगच्या दुकानात परस्पर उरकण्याची नव्हेत. त्यासाठी आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रथम हेच कागद पाहते. पडदे, गाद्या, सुटी कपाटे, घडीचे मेज, गळती बंद करणे, दिवे व पंखे दुरुस्त करणे अशा कामांना मात्र घरच्या माणसास भरपूर वाव आहे.

येथे ट्रॉलीविषयीही स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. शेतीच्या ट्रॉलीत माणसे बसवून यात्रेस नेणे नियमात बसत नाही आणि अशा प्रवासात दुर्घटना घडल्यास भरपाईचा मार्गही बिकट होतो. माल नेणाऱ्या ट्रॉलीला मागे लाल दिवा व रेडिअमच्या पट्ट्या लावणे हे तर अर्ध्या तासाचे काम आहे. रात्रीच्या अंधारात बंद पडलेली, मागून न दिसणारी ट्रॉली हे आपल्या भागातील रस्त्यांवरचे फार मोठे संकट आहे. पट्टी लावण्यापूर्वी पत्र्यावरील धूळ व तेल पुसून घ्यावे. अन्यथा ती आठवड्यात गळून पडते.

चाके व वजन

उभ्या राहणाऱ्या वाहनाचे टायर झिजण्याऐवजी वाळतात. टायरच्या बाजूवर चार अंकांचा एक शिक्का असतो. ‘२३१९’ असे अंक असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. नक्षी शाबूत असली तरी बाजूला बारीक भेगा दिसू लागल्या, किंवा टायरने सहा-सात वर्षे ओलांडली, तर तो जाणकाराकडून तपासून घ्यावा व वेळेवर बदलावा.

वर्षातून एकदा चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. घरघर ऐकू आली किंवा चाक हलले तर बेअरिंगकडे लक्ष द्यावे. बेअरिंग काढून डिझेलमध्ये स्वच्छ धुवावे, कोरडे करावे, नवे ग्रीस नीट दाबून भरावे आणि ऑइल सील नवे घालावे. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर थांबून प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहावा. चारांपैकी एकच जास्त तापला असेल तर पुढे जाऊ नये. आजोबांच्या वंगणाची जागा ग्रीसने घेतली, एवढाच काय तो फरक.

ओढावयाच्या ट्रेलरमध्ये वजनाची मांडणी सर्वांत महत्त्वाची. जड सामान मागे भरले की ट्रेलर वेगात डोलू लागतो आणि ओढणारे वाहनही त्याबरोबर फिरते. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार जोडणीच्या हूकवर यावा. हे मोजणे अवघड नाही. बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर प्रथम सुटा ट्रेलर उभा करून एकूण वजन घ्यावे. नंतर तो वाहनास जोडून फक्त त्याची चाके काट्यावर ठेवावीत. पहिला आकडा १२०० किलो व दुसरा १०८० किलो आला, तर १२० किलो भार हूकवर आहे, म्हणजेच मांडणी योग्य आहे. जोडणीच्या पिनेला अडकण घालावी आणि पिन निसटलीच तर ट्रेलर सुटू नये म्हणून जोडसाखळीही लावावी.

छत व चातुर्मास

भाविक कुटुंबांचे यात्रावाहन चातुर्मासात बहुधा उभेच असते, आणि पावसाळा तोच. गळती त्या चार महिन्यांत होते व लक्षात येते ती दिवाळीनंतर, जेव्हा प्लायवूड आतून कुजलेले असते. म्हणून छताचे काम वैशाखात, मृग नक्षत्रापूर्वी संपवावे. मराठवाड्याच्या उन्हात पत्रा दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकसतो. त्यामुळे सांध्यांतील लेप फुटतो. फुटलेल्या लेपावर नवा लेप थापणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. जुना लेप पूर्ण खरवडून, जागा कोरडी व तेलविरहित करून मगच नवा भरावा आणि तो वाळेपर्यंत पाणी लागू देऊ नये.

गळती शोधताना एकाने आत बसावे व दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पाणी खालच्या सांध्यापासून वर नेत जावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमकी जागा कळत नाही. आतील भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करावी. जेथे आवाज बदबद येतो तेथे लाकूड ओलसर झालेले असते. वाहन उभे करताना एका बाजूस किंचित उतार ठेवला तर छतावर पाणी साचत नाही.

उंदीर हा उभ्या वाहनाचा दुसरा शत्रू. ते वायरींचे आवरण कुरतडतात आणि त्यातून आग लागू शकते. त्यासाठी विष ठेवण्याची गरज नाही. वायरी व पाइप जेथून आत येतात ती भोके बारीक लोखंडी जाळीने बुजवावीत आणि आत धान्याचा कण राहू देऊ नये. जीव वाचतो, वायरही वाचते.

दिवा, पाणी, अग्नी

विजेचा हिशेब आधी कागदावर करावा. १२ व्होल्ट व १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदोपत्री १२०० वॅट-अवर देते; परंतु साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य टिकवावयाचे तर निम्मीच, म्हणजे ६०० वॅट-अवर वापरावी. पाच वॅटचे चार दिवे पाच तास चालले तर १०० वॅट-अवर लागतात. वीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर १६०. चार मोबाइलना साधारण ६०. बेरीज ३२० होते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरात स्वयंपाकाला दिवाही लागत नाही, त्यामुळे ही बॅटरी सहज पुरते. प्रवाह मात्र कमी लेखू नये. १२० वॅटच्या उपकरणास घरात अर्धा अँपिअर लागतो, येथे दहा. घरगुती पातळ वायर इतक्या प्रवाहाने तापते. म्हणून वायर जाड घ्यावी आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा. चातुर्मासात बॅटरी महिन्यातून एकदा भरून ठेवावी.

पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे टाकी निवडताना विसरू नये. दोनशे लिटरची टाकी तीन माणसांइतकी जड असते. ती चाकांच्या आसाजवळ, शक्य तितकी खाली बसवावी. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटकांची मानणाऱ्यांना टाकीतील पाणी पिण्यासाठी पुन्हा गाळावेच लागते. तेव्हा टाकीचे पाणी धुण्या-आंघोळीस ठेवावे आणि पिण्याचे पाणी ताजे गाळून लहान भांड्यात घ्यावे. टाकीच्या तळाला निचऱ्याचा नळ अवश्य ठेवावा. प्रवास संपताच टाकी रिकामी करून उघडी वाळवली की शेवाळ धरत नाही आणि त्यात जीवोत्पत्तीही होत नाही.

गॅसची जोडणी स्वतः करू नये. तपासणी मात्र रोज स्वतः करावी. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो. गळाल्यास तो खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारी झरोक्याची जागा हवी आणि तो कप्पा झोपण्याच्या भागापासून पूर्ण बंदिस्त हवा. सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी ओढून कधीही नव्हे. नळी मानचिन्ह असलेलीच घ्यावी व तिच्यावर छापलेली मुदत पाळावी. चालत्या वाहनात शेगडी पेटवू नये. थंडीत बंद वाहनात कोळशाची शेगडी ठेवून झोपणे तर प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही.

खर्चाची वही

वाहन खरेदी करताना किमतीचा विचार सगळे करतात; देखभालीचा खर्च मात्र अचानक आल्यासारखा वाटतो, कारण त्याची तरतूद केलेली नसते. समजा, बॅटरी १२,००० रुपयांची असून चार वर्षे टिकते आणि टायर २४,००० रुपयांचे असून सहा वर्षे टिकतात. पहिल्यासाठी वर्षाला ३,००० व दुसऱ्यासाठी ४,०००, असे ७,००० रुपये दरवर्षी झिजतच असतात, वाहन अंगणात उभे असले तरीही. महिन्याला सुमारे ६०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडल्यास टायर बदलण्याचे काम ‘पुढच्या यात्रेनंतर पाहू’ म्हणून पुढे ढकलले जात नाही. असे पुढे ढकललेले कामच बहुतेक वेळा घाटात महागात पडते.

एक साधी वही वाहनातच ठेवावी. तारीख, किलोमीटर, केलेले काम, वापरलेला सुटा भाग व खर्च असे पाच रकाने पुरेत. पुढच्या पानावर निघण्यापूर्वीची तपासणी लिहावी: टायरमधील हवा, चाकांचे नट, मागचे दिवे, जोडणी, गॅसचा कॉक, टाकीचे झाकण. घरातील दोन माणसांनी ती वेगवेगळी तपासून सही करावी. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात त्या याच कारणासाठी. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसते.

या कामात घरातील मुलामुलींना अवश्य सोबत घ्यावे. नट कोणत्या बाजूला आवळतो, फ्यूज का जळतो, पाणी कोठून झिरपते, हे एकदा हाताने शिकलेले मूल पुढे दुकानदाराच्या शब्दावर सर्वस्वी विसंबून राहत नाही. यंदा मृगाला अवकाश आहे तोवर एका रविवारी वाहन सावलीत लावून छतापासून सुरुवात करावी. पहिल्या दिवशी काही दुरुस्त झाले नाही तरी चालेल. काय काय दुरुस्त करावयाचे आहे याची यादी झाली तरी त्या दिवसाचे काम झाले.