व्हायोलेटाचा लाल झगा

परवा एका जाणकाराने बैठकीत निकालच देऊन टाकला. वेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’चा २००५ सालचा साल्झबुर्गचा प्रयोग पडद्यावर पाहणं म्हणजे ऑपेरा पाहणं नव्हेच! कॅमेरा डोळ्यांना झापडं बांधतो, माइकमुळे आवाजाचा खरा आवाका कळत नाही. आणि दिग्दर्शक विली डेकरने तर वेर्दीचं पॅरिसच पुसून टाकलंय. झुंबरं नाहीत, घेरदार झगे नाहीत. पांढरी वळणदार भिंत, लाल सोफा, भलंमोठं घड्याळ आणि गुडघ्यापर्यंतच्या लाल झग्यातली, नायिका व्हायोलेटा झालेली ॲना नेत्रेब्को. हा म्हणे वेर्दीचा अपमान.

वेर्दीचा अपमान झाला होता, पण तो व्हेनिसमध्ये, ६ मार्च १८५३ रोजी, पहिल्याच प्रयोगाला. त्याने गोष्ट आपल्या काळातली घेतली होती. धाकट्या द्युमाची कादंबरी १८४८ची, तिच्यावरचं नाटक पॅरिसमध्ये आलं १८५२ला. क्षयाने मरणारी गणिका आणि तिला प्रतिष्ठेपायी दूर लोटणारा तिच्या प्रियकराचा बाप, ही माणसं समोरच्या खुर्च्यांतच बसलेली होती. म्हणून पात्रांनी प्रेक्षकांसारखेच कपडे घालावेत, असा वेर्दीचा आग्रह होता. व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहाच्या कारभाऱ्यांनी तो मोडून काढला आणि गोष्ट दीडशे वर्षं मागे, १७००च्या सुमाराला ढकलली. कुणी म्हणेल, मग घेरदार झगेच वेर्दीला हवे होते ना? हवे होते, कारण तेव्हा ते रोजच्या वापरातले होते. आज ते संग्रहालयात असतात. त्यांच्याकडे पाहताना ‘ते लोक वेगळे, तो काळ वेगळा’ अशी पळवाट आपल्याला मिळते. ला फेनिचेच्या कारभाऱ्यांनी प्रेक्षकाला तीच मिळवून दिली होती. लाल झगा ती बंद करतो.

आपल्याकडे संगीत नाटकांवरून हा वाद मी लहानपणापासून ऐकतोय. शालू, पगडी, पडदे सगळं जिथल्या तिथे, आणि पदात जीव नाही. तरी परंपरा राखल्याचं समाधान. नाटक कपाटात ठेवून राखता येत नाही.

माइकचा आक्षेप मला मान्य आहे. नाट्यगृहातला आवाज अंगावर येतो, तसा पडद्यावरून येत नाही.

कॅमेऱ्याचा मात्र मान्य नाही. तिसऱ्या अंकात व्हायोलेटा पत्र वाचते, तेव्हा ती गात नाही, बोलते; मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून हलकेच वाजत असते. साल्झबुर्गच्या दोन हजारांहून जास्त खुर्च्यांच्या नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या माणसाला तिचे ओठ दिसणार कसे? पडद्यावर ते दिसतात. आणि डेकरचं म्हणाल तर, पूर्वसंगीत चालू असतानाच घड्याळापाशी बसलेला म्हातारा दिसतो. तो डॉक्टर ग्रेनव्हिल. मूळ संहितेत त्याच्या वाट्याला थोड्याच ओळी. इथे तो मृत्यू होऊन वावरतो. पुढे तेच घड्याळ जुगाराचं टेबल होतं, आणि व्हायोलेटाचा उरलेला वेळ डावावर लागलाय हे न सांगता कळतं.

आमच्यातले किती जण साल्झबुर्गला जाऊ शकतात? व्हायोलेटा आम्हाला भेटली ती पडद्यावरच, आणि आम्ही खरोखर रडलो. आक्षेप घेणाऱ्यांना एवढीच विनंती: प्रयोग तिसऱ्या अंकापर्यंत पाहा, मग बोला.