अँटिव्हायरस काढला, पण तो खरोखर गेला का?

सकाळी पेढी उघडते, झाडलोट होते आणि मुनीम संगणक सुरू करतात. पडदा उजळताच एक छोटी चौकट समोर येते : अमुक फाइल सापडत नाही. ‘ओके’ दाबले की ती नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस महिन्यापूर्वीच काढलेला असतो, नव्याचे पैसेही भरलेले असतात. तरीही नवा बसत नाही, इंटरनेट मध्येच तुटते आणि महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत, तोंडावर आलेली असते.

याचे कारण अँटिव्हायरसच्या स्वभावात आहे. इतर प्रोग्राम विंडोजच्या वर बसतात; हा तिच्या गाभ्यात शिरतो. प्रत्येक फाइल उघडताना ती तपासण्यासाठी त्याचे ड्रायव्हर असतात, इंटरनेटच्या वाटेवर गाळणी असते, ठरावीक वेळी चालणारी कामे नेमलेली असतात आणि पहारा आपल्याकडे असल्याची नोंद विंडोजकडे केलेली असते. शिवाय कोणा विषाणूने आपल्याला काढू नये म्हणून तो स्वतःचेही रक्षण करतो. त्यामुळे केवळ फोल्डर पुसून टाकल्यास काही भाग जातो, काही उरतो. उरलेला भाग गेलेल्याला हाका मारत राहतो. सकाळची चौकट म्हणजे तीच हाक.

खरा धोका मात्र त्या चौकटीचा नाही. दुसरा अँटिव्हायरस असल्याची नोंद दिसली की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो. ती नोंद चुकून शिल्लक राहिली, तर जुना गेलेला, नवा बसलेला नाही आणि डिफेंडरही स्वस्थ, अशी अवस्था येऊ शकते. दुकानाला पहारेकरी आहे असे सर्वांना वाटते आणि दार मात्र उघडे असते.

म्हणून क्रम पाळावा. प्रथम टॅलीच्या किंवा अन्य हिशेबाच्या डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, ती उघडते याची खात्री करावी आणि पेनड्राइव्ह काढून ठेवावा. अँटिव्हायरस अजून चालू असेल, तर त्याने संशयावरून कोंडून ठेवलेल्या फाइलींची यादी पाहावी. कामाची एखादी फाइल तिथे अडकलेली असल्यास ती प्रोग्रामबरोबर नष्ट होऊ शकते.

मग सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप्स’ या भागातून तो रीतसर अनइन्स्टॉल करावा आणि संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे येथे पुरेसे नसते. फास्ट स्टार्टअपच्या सोयीमुळे विंडोजचा गाभा तसाच जपून ठेवला जातो आणि जुने ड्रायव्हर सुटत नाहीत.

तरीही अवशेष राहिले, तर त्याच कंपनीचे सफाईचे साधन वापरावे. मॅकॅफी, नॉर्टन, अवास्ट, कॅस्परस्की, ईसेट या सर्वांनी अशी साधने दिलेली आहेत. त्यांतील काही सेफ मोडमध्ये चालवावी लागतात. लॅपटॉपवर बिटलॉकर असेल, तर तेथे जाताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच शोधून ठेवावी. नव्या लॅपटॉपबरोबर चाचणीपुरता आलेला एखादा अँटिव्हायरसही पुष्कळदा यादीत सापडतो. दोन पहारेकरी एकमेकांनाच अडवतात. त्यालाही निरोप द्यावा.

सकाळची चौकट त्यानंतरही येत असेल, तर टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ आणि टास्क शेड्युलर या दोन ठिकाणी जुने नाव शोधावे. मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन फाइल हरवलेल्या नोंदी पिवळ्या रंगात दाखवते. अशी नोंद लगेच पुसू नये. आधी तिची खूण काढून दोन दिवस पाहावे. इंटरनेटच बंद पडले असेल, तर ‘नेटवर्क रीसेट’ उपयोगी पडतो. मात्र पेढीतील संगणक एकमेकांना जोडलेले असतील, तर आधीचे आयपी क्रमांक लिहून घ्यावेत.

शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून सध्या पहारा कोणाचा आहे ते डोळ्यांनी पाहावे. तेथे नव्याचे किंवा डिफेंडरचे नाव दिसले म्हणजेच काम पूर्ण झाले.

दोन गोष्टी टाळाव्यात. रजिस्ट्री एका झटक्यात स्वच्छ करण्याचे आश्वासन देणारी फुकट साधने घेऊ नयेत. ती नको त्या नोंदीही उपटतात. आणि गूगलवर सापडलेल्या मदत क्रमांकाला फोन करू नये. ‘एनीडेस्क सुरू करा, आम्ही साफ करून देतो’ असे सांगणारा कंपनीचाच माणूस आहे, हे फोनवर कळत नाही. आणि त्याच संगणकावर पेढीचे बँक खाते उघडत असते. मदतीचा क्रमांक पावतीवरून किंवा कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करूनच घ्यावा.

हे काम साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी काढावे, विवरणपत्राच्या दिवशी नव्हे. अँटिव्हायरसचे नाव, परवान्याचा क्रमांक आणि मुदतीची तारीख पेढीच्या वहीत लिहून ठेवली, तर पुढच्या वर्षी मुनीम बदलले तरी शोधाशोध करावी लागणार नाही.