निंदेला उत्तर कोणते?



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाच्या वाट्याला पुष्कळदा प्रथम टोमणेच येतात. घरातील देव विसर्जित केले म्हणून हिणवणारे, 'बौद्ध' म्हणण्याऐवजी मुद्दाम जुन्या जातीचा उच्चार करणारे, बाबासाहेबांविषयी वेडेवाकडे बोलणारे लोक आजही आहेत. ते ऐकून रक्त उसळते. यांची तोंडे कायमची बंद करावीत असे वाटते. हा संताप स्वाभाविक आहे. परंतु तोंड बंद करण्याची मागणी आपल्याला कोठे नेते, याचा विचार आपण केलाच पाहिजे.

१९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. 'रिडल्स इन हिंदुइझम' हा ग्रंथ त्यात होता. राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टाने भावना दुखावल्या, म्हणून ते वगळावे अशी ओरड झाली. १९८८ च्या जानेवारीत अमरावतीत ग्रंथाची होळीही झाली. त्यानंतर फेब्रुवारीत मुंबईत आपल्या समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर परिशिष्ट कायम राहिले. त्यातील मतांशी शासन सहमत नाही, एवढी टीप जोडण्यात आली. भावना दुखावल्या एवढ्याच कारणावरून ग्रंथ दडपता येत असते, तर बाबासाहेबांचे किती ग्रंथ आपल्या हाती उरले असते? जे स्वातंत्र्य आपण त्या दिवशी मागितले, ते आज आपल्या टीकाकाराला नाकारणे आपल्याला शोभणार नाही.

मग अपमान मुकाट्याने गिळावा काय? मुळीच नाही. मताचे खंडन निराळे आणि माणसाची मानहानी निराळी. धम्मावर, बावीस प्रतिज्ञांवर किंवा आपल्या पुढाऱ्यांवर कोणी टीका केली, तर तिला सभेत व लेखणीने, पुराव्यानिशी उत्तर द्यावे. पण जातीवरून चारचौघांत पाणउतारा करणे, बहिष्काराची चिथावणी देणे, हे मतप्रदर्शन नव्हे. संविधानाच्या ज्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले, त्यानेच वाजवी निर्बंधांनाही जागा ठेवली आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा १९८९ चा कायदा लोकांदेखत हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाला शिक्षा सांगतो. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा १९९० पासून मान्य झालेला असल्याने त्याचे संरक्षण त्यांनाही आहे. म्हणून दगड उचलू नका. दिवस, जागा, उच्चारलेले नेमके शब्द आणि साक्षीदारांची नावे लिहून ठेवा व पोलीस ठाण्यात रीतसर फिर्याद द्या.

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात याच प्रश्नाचा विचार आहे. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म व संघ यांची निंदा करीत भिक्खुसंघामागून चालला होता. भगवंतांनी भिक्खूंना सांगितले की, निंदेने तुम्ही रागावलात तर हानी तुमचीच होईल, आणि निंदकाचे बोलणे खरे की खोटे याची पारखही तुम्हाला करता येणार नाही. खोटे असेल ते का खोटे आहे, हे शांतपणे दाखवा. त्यांनी निंदकाचे तोंड धरण्यास सांगितले नाही, आणि खोट्यापुढे मौन पाळण्यासही सांगितले नाही.

आपल्या घरातील मुले उद्या शाळेत, कचेरीत हेच टोमणे ऐकणार आहेत. त्यांच्या हाती आजच ग्रंथ द्या, संविधान द्या. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाला शिवीचा आधार घ्यावा लागत नाही.

जयभीम!