विश्लेषण : चौरस तिरका ठेवला की मुलांना तो चौरस का वाटत नाही?

तिसरीतल्या मुलासमोर कागदाचा चौरस ठेवून नाव विचारा. उत्तर लगेच येते. आता तोच कागद एका टोकावर उभा धरा आणि पुन्हा विचारा. अनेकदा उत्तर बदलते : ‘पतंग’, ‘शंकरपाळी’, नाहीतर ‘डायमंड’. कागद तोच, बाजू तेवढ्याच, कोपरेही तेच. तरी नाव बदलले. राज्यात जून २०२५ पासून पहिलीला नवी पाठ्यपुस्तके लागू झाली आणि जाहीर वेळापत्रकानुसार पुढच्या टप्प्यात दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीचा क्रम आहे. आकार आणि सममिती मुले शिकतात ती याच इयत्तांत. त्यामुळे वरवर किरकोळ वाटणारी ही चूक नीट समजून घेणे गरजेचे आहे.

मुले चुकतात ती नेमकी कुठे?

नेदरलँड्समधील पिएर व्हान हिले आणि डिना व्हान हिले-गेल्डोफ या शिक्षक दाम्पत्याने १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात याच विषयावर प्रबंध सादर केले. त्यांच्या मांडणीनुसार भूमितीची समज पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. पहिल्या पायरीवर मूल आकार चेहऱ्यासारखा ओळखते. दाराची चौकट दिसली की ‘आयत’, असे. दुसऱ्या पायरीवर ते गुणधर्म पाहू लागते : बाजू किती, कोपरे किती, कोणत्या बाजू सारख्या, कोन काटकोन आहेत का. चौरस हाही एक आयतच आहे, हे पटायला त्याच्याही पुढची पायरी लागते.

या पायऱ्या वयाबरोबर आपोआप चढल्या जात नाहीत. पुस्तकात आणि फळ्यावर चौरस कायम सरळच काढलेला असेल, त्रिकोणाचा पाया कायम खालीच असेल, तर मुलाच्या डोक्यात ‘सरळ उभा असणे’ हाच एक गुणधर्म होऊन बसतो. दोष मुलाचा नाही, चित्रांचा आहे.

‘दोन समान भाग’ म्हणजे सममिती?

इथे मोठ्यांचीही गल्लत होते. वहीचे आयताकृती पान घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर, घडी घाला. कर्णामुळे पानाचे दोन अगदी सारखे त्रिकोण होतात, पण घडी घातल्यावर ते एकमेकांवर बसत नाहीत. टोके बाहेर डोकावतात. म्हणजे भाग समान आहेत, तरी कर्ण हा आयताचा सममिती अक्ष नाही. आता पान कर्णावर कापा आणि एक त्रिकोण टेबलावरच अर्धा फेरा फिरवा. तो दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. घडी घालून जुळणे आणि फिरवून जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दोन समान भाग करणारी रेषा’ एवढीच व्याख्या पाठ केलेले मूल परीक्षेत आयताला चार अक्ष देऊन मोकळे होते.

प्रत्यक्षात आयताला दोन अक्ष असतात, चौरसाला चार, समभुज त्रिकोणाला तीन, समद्विभुज त्रिकोणाला एक. वर्तुळाला मोजता येणार नाहीत इतके. समांतरभुज चौकोन मात्र सगळ्यांना चकवतो. दिसायला नीटनेटका, समोरासमोरच्या बाजू सारख्या. पण तो आयत किंवा समभुज नसेल, तर एकही सममिती अक्ष नाही.

शंकरपाळी हे त्याचे घरचे उदाहरण. लाटलेल्या पोळीवर आधी उभ्या आणि मग तिरक्या रेषा कापल्या जातात. दोन्ही वेळा पट्ट्यांची रुंदी सारखी ठेवली तर समभुज चौकोन मिळतो आणि तो दोन्ही कर्णांवर घडी घालून जुळतो. एकदा पट्ट्या रुंद आणि एकदा अरुंद कापल्या, की समांतरभुज चौकोन. त्याची घडी कुठूनही जुळत नाही. तळण्याआधी पाच मिनिटे दिली तर हा धडा तिथेच संपतो.

शाळेत हे अपेक्षित आहे का?

आहे. एनसीईआरटीच्या २०१७ च्या अध्ययन निष्पत्तींनुसार तिसरीच्या मुलाने कागदाच्या घड्या, कातरकाम आणि ठिपक्यांची जाळी वापरून द्विमितीय आकार तयार करायचे आहेत. बाजू, कोपरे आणि कर्ण सांगून त्यांचे वर्णन करायचे आहे. चौथीत घडी आणि शाईच्या ठशांतून सममिती येते. कागदावर तरतूद चोख आहे.

मग भूमिती मागे का पडते?

जे मोजले जाते तेच शिकवले जाते, हे एक कारण. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या मार्गदर्शिकेत आकार आणि अवकाशाची जाण हा भाग आहे. मात्र सर्वांच्या तोंडी असलेली गणिताची लक्ष्ये संख्यांचीच : पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९, तिसरीत ९,९९९. तपासणीला कोणी आले की मूल संख्या वाचते का, वजाबाकी करते का, हेच आधी पाहिले जाते.

दुसरे टोक शिष्यवृत्ती परीक्षेचे. तिच्या बुद्धिमत्ता चाचणीत आरशातील आणि पाण्यातील प्रतिमेचे प्रश्न असतात. तयारीत ‘आरशात डावे-उजवे बदलते, पाण्यात वर-खाली’ असे सूत्र घोकून घेतले जाते. सूत्र बरोबर आहे. पण आरसा म्हणजे घडीचीच रेषा, हा दुवा सांगितला नाही तर आकृती जरा तिरकी आली की सूत्र कोलमडते.

वडगाव निंबाळकर परिसरात वेगळे काय?

नीरा-बारामती रस्त्यावरचे हे गाव उसाच्या पट्ट्यात आहे आणि सोमेश्वर कारखानाही याच भागातला. गाळप हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. सोबत मुले असतात. मूल शाळेतून शाळेत जाताना खंड पडू नये म्हणून राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. पण कार्डाने प्रवेश मिळतो, बुडालेला धडा मिळत नाही. दिवाळीनंतर वर्गात आलेल्या मुलाला भागाकार चालू असेल तर आधीचे सगळे लागते.

आकारांचे तसे नाही. कागदाची घडी घालायला पाढे यावे लागत नाहीत, फार वाचताही यावे लागत नाही. नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी बरोबरीने बसवता येईल असा गणितातला कदाचित हाच भाग. शिवाय त्याच्याकडे उदाहरण तयार असते. तो राहतो त्या कोपीची पुढची बाजू बहुधा समद्विभुज त्रिकोणाचीच असते. मधल्या बांबूच्या रेषेत तिचा सममिती अक्ष.

घरी काय करता येईल?

खर्च काहीच नाही. ठिपक्यांची रांगोळी ही ठिपक्यांची जाळीच आहे. अर्धी मोठ्यांनी काढावी, उरलेली मुलाने पूर्ण करावी. छोटा आरसा असेल तर देवनागरी अक्षरांशेजारी उभा धरून पाहावा. इंग्रजीत ए, एम, टी अशी बरीच अक्षरे आरशात तशीच राहतात. मराठीत अशी अक्षरे शोधायला बसले की गंमत येते : ‘ठ’ जवळपास तसाच राहतो, अंकांत ‘०’ आणि ‘४’, बाकी बहुतेक उलटतात. बऱ्याच रुग्णवाहिकांच्या पुढच्या बाजूला नाव मुद्दाम उलटे का लिहिलेले असते, हे मग सांगावे लागत नाही.

आणि एक प्रश्न मुलांना विचारण्यासाठी. कागदावर तिरंगा काढून रंगवला, तर त्याला सममिती अक्ष किती? आयत म्हणून दोन. रंग धरले तर आडवी घडी बाद होते, कारण केशरी हिरव्यावर येतो. उरते ती अशोकचक्राच्या मधून जाणारी उभी रेषा.