पाकिटातले जिवाणू जिवंत आहेत काय?

टोमॅटोवरील करपा असो वा द्राक्षावरील भुरी, पानावर डाग दिसताच बुरशीनाशकाची फवारणी करावी आणि पावसाने ती धुऊन नेली की पुन्हा उधारीवर डबा आणावा, हा क्रम कोलारपासून नाशिकपर्यंत सारखाच आहे. एकाच औषधाच्या सततच्या माऱ्याला बुरशी सरावते. मेटालॅक्झिल 1977 साली बाजारात आले आणि 1980 मध्येच आयर्लंडमधील बटाट्याचा करपा त्याला जुमानेनासा झाला. कंपन्यांनी अर्थातच पुढचे, अधिक महाग औषध पुढे केले!

या चक्राबाहेरची एक वाट सार्वजनिक विज्ञानाने दाखविली आहे. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे 1967 साली स्थापन झालेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने स्यूडोमोनास व बॅसिलस या उपकारक जिवाणूंची मिश्रणे पिकांच्या रोगांविरुद्ध विकसित केली. बॅसिलस सबटिलिस बुरशीच्या पेशींचे आवरण फोडणारी द्रव्ये सोडतो. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स बुरशीला हवे असलेले लोह स्वतःकडे ओढून घेतो. शिवाय मुळाशी वस्ती करून साऱ्या झाडाची, पानांचीसुद्धा, प्रतिकारशक्ती जागी करतो. रोग बळावल्यावर मात्र त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणे चूक. त्यांचे काम रोगापूर्वी सुरू व्हावे लागते.

खरा प्रश्न प्रयोगशाळेच्या दाराबाहेर सुरू होतो. हे तंत्रज्ञान शुल्क घेऊन खासगी उत्पादकांना दिले जाते आणि पुढची साखळी बाजाराच्या हवाली होते. पण हा माल सजीव आहे. बॅसिलस बीजाणूच्या रूपाने तग धरतो. स्यूडोमोनासला ती सोय नाही, पत्र्याच्या गोदामातल्या उन्हाळ्यात तो मरतो. मेलेल्या जिवाणूंची भुकटी दिसायला जिवंत भुकटीसारखीच असते आणि किंमतही तीच असते. फसलेला शेतकरी मग जिवाणूंनाच दोष देऊन पुन्हा रासायनिक औषधाच्या दुकानाकडे वळतो. कोणाचा फायदा होतो, हे वेगळे सांगायला नको.

1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली अशा औषधांना नोंदणी सक्तीची आहे. परंतु नोंदणीच्या वेळी तपासलेला नमुना वेगळा आणि वैशाखात तालुक्याच्या दुकानातून उचललेले पाकीट वेगळे. तपासणी या दुसऱ्या ठिकाणी व्हावी, निकाल गावात जाहीर व्हावेत आणि कृषी विद्यापीठांनी व शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी जिवाणूंचे उत्पादन शेताजवळच करावे, यासाठी शासनाने अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद केली पाहिजे.